कॅस्ट्रीजमध्ये एक दिवस: दक्षिणेला जायचं की उत्तरेला?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जानेवारीत मायामीहून क्रूझ, कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मुक्काम, सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि आठ वर्षांचा मुलगा. पिटॉनचे सुळके, ज्वालामुखी, धबधबा, पिजन आयलंड, एखादा बीच आणि बाबांसाठी क्रिकेटचं मैदान, हे सगळं एका दिवसात बसेल का? आणि सहल जहाजाकडून घ्यावी की बाहेरून स्वस्तात?

सगळं बसणार नाही. नकाशावर बेट चिमुकलं दिसतं, त्यात फसू नका. जहाज कॅस्ट्रीजला लागतं, म्हणजे बेटाच्या वायव्य कोपऱ्यात. पिटॉन आणि ज्वालामुखी आहेत नैर्ऋत्येला, सूफ्रिएर गावाजवळ. अंतर फक्त पस्तीस-चाळीस किलोमीटर, पण रस्ता डोंगरातून वळणं घेत जातो आणि गाडीला दीड तास सहज लागतो. पिजन आयलंड आणि मैदान नेमके उलट दिशेला, उत्तरेत. पाचला सुटणाऱ्या जहाजावर साडेचारपर्यंत चढावं लागतं आणि सकाळी उतरेपर्यंत साडेआठ होतात. तेव्हा आधी दिशा ठरवा. सहल कोणाकडून घ्यायची याचं उत्तर त्यातूनच निघतं.

पहिल्यांदाच जाताय, तर माझं मत दक्षिणेला. ग्रो पिटॉन आणि पती पिटॉन हे दोन सुळके समुद्रातून सरळ वर आलेत. पती पिटॉन 743 मीटर, ग्रो पिटॉन त्याहून थोडा उंच. हा परिसर 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. रस्त्यावरून ते दिसतात छानच, पण त्यांची उंची खरी अंगावर येते ती समुद्रातून. म्हणून जाताना कॅटमरान (दोन सांगाड्यांची रुंद बोट) आणि येताना गाडी, किंवा उलट, अशी जोडसहल मिळाली तर तीच घ्या. आई-बाबांना बोट लागेल अशी धास्ती असेल तर एक दिलासा: वारे पूर्वेकडून वाहतात आणि ही बोट पश्चिम किनाऱ्याच्या आडोशाने जाते, त्यामुळे या बाजूचं पाणी बहुतेक वेळा शांत असतं. परतीच्या बोटीवर मोठ्याने सोका संगीत आणि रम पंच असतो, हे मात्र बाबांच्या कानावर आधीच घाला.

गाडीचा रस्ताही चुकवण्यासारखा नाही. मोर्न फॉर्च्यूनचा चढ, मग केळीच्या बागांचं खोरं (घडांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेल्या दिसतील), खाली मारिगो बे, पुढे आन्स ला रे आणि कॅनरीज ही कोळ्यांची गावं. एके काळी हे बेट केळ्यावर जगत होतं. युरोपातल्या व्यापार सवलती गेल्या तशी केळी मागे पडली आणि पर्यटन पुढे आलं. तुमचा ड्रायव्हर किंवा त्याचा बाप कधीकाळी केळीच्या बागेत असण्याची शक्यता बरीच. विचारून बघा, पाठ केलेल्या माहितीपेक्षा या गप्पा चांगल्या रंगतात.

सल्फर स्प्रिंग्जची जाहिरात 'गाडीतून जाता येणारा ज्वालामुखी' अशी करतात. तोंडातून लाव्हा ओकणारा डोंगर डोळ्यांसमोर आणू नका. जुन्या ज्वालामुखीच्या खचलेल्या भागात करड्या-पिवळ्या उतारावर काळं पाणी खदखदतंय, वाफा निघताहेत आणि सडक्या अंड्यांचा वास आहे, असं ते दृश्य. पूर्वी लोकांना अगदी कुंडांपर्यंत नेत. 1990च्या दशकात एका गाइडच्या पायाखालचा पापुद्रा खचला आणि तो भाजला, तेव्हापासून कठड्यामागूनच बघायचं. मजा आहे ती खालच्या गरम पाण्याच्या हौदात. आधी पाण्यात शिरायचं, बाहेर येऊन बादलीतला काळा चिखल अंगाला फासायचा, वाळून कातडी ताणायला लागली की पुन्हा पाण्यात. मुलगा तिथून हलणार नाही. वज्रेश्वरीच्या कुंडात उतरलेल्या आई-बाबांना यात नवल वाटणार नाही, फक्त रक्तदाब असेल तर फार वेळ बसू देऊ नका. आणि आईंना सांगा, जोडवी, पैंजण, चांदीचं काहीही खोलीतच काढून ठेवा. त्या गंधकाच्या वाफेत आणि पाण्यात चांदी काळी पडते. पोहण्याचे कपडेही जुनेच न्या, चिखलाचे डाग जात नाहीत.

धबधब्यासाठी डायमंड बागेचा पर्याय घ्या. वाट सोपी आहे, वयस्कांना जमते. पाण्यातल्या खनिजांमुळे धबधब्यामागचा खडक पिवळा-हिरवा-करडा झालाय. शेजारची स्नानगृहं मुळात 1784 मध्ये सोळाव्या लुईच्या फ्रेंच सैनिकांसाठी बांधली होती. ग्रो पिटॉन चढायचा विचार मात्र सोडून द्या. गाइड सक्तीचा, चढ-उतारातच चार तास जातात, जहाजाच्या दिवसात ते बसत नाही.

आता पैशांचं. दक्षिणेला जाणार असाल तर जहाजाचीच सहल घ्या, महाग पडली तरी. बस-बोट बहुतेक वेळा स्थानिक कंपन्यांचीच असते, जहाज मध्ये आपला वाटा ठेवतं, हे खरं. पण पश्चिम किनाऱ्याने परत यायला रस्ता एकच आहे. दरड आली, ट्रक अडकला, तर जहाज स्वतःच्या सहलीची वाट बघतं, तुमच्या खासगी गाडीची नाही. जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने विमान शोधायचं, तेही दोन ज्येष्ठ नागरिक आणि एक पोर घेऊन. शिवाय हवामानामुळे जहाज बंदर टाळून पुढे गेलं तर जहाजाच्या सहलीचे पैसे आपोआप परत मिळतात. बाहेर बुकिंग केलंत तर ही अट आधी लेखी विचारा.

उत्तरेला जाणार असाल तर जहाजाला जादा पैसे द्यायचं कारणच नाही. धक्क्याबाहेर टॅक्सीवाले असतात, नंबरप्लेटवर 'टीएक्स' बघून घ्या. मीटर नसतो, म्हणून बसण्याआधी भाडं ठरवा: पूर्ण गाडीचं की माणशी, जाऊन-येऊन की एका बाजूचं, आणि अमेरिकन डॉलर की ईस्टर्न कॅरिबियन. एका अमेरिकन डॉलरला 2.70 ईसी असा बांधलेला दर आहे, त्यामुळे नुसतं 'फिफ्टी डॉलर' म्हटल्यावर गफलत मोठी होते. पिजन आयलंडवरून, हवा स्वच्छ असेल तर, शेजारचं फ्रेंच बेट मार्टिनिक दिसतं. इंग्रज ॲडमिरल रॉडनी इथूनच फ्रेंच आरमारावर नजर ठेवून होता. किल्ल्याचा शेवटचा चढ छोटा पण खडा आहे, आई-बाबा खाली सावलीत बसतील. मग रेड्यूई बीच, आणि वाटेत ग्रोझ इलेचं डॅरेन सॅमी मैदान. 24 जून 2024 ला रोहितने ऑस्ट्रेलियाला धुतलं ते इथेच: 41 चेंडूंत 92, आणि स्टार्कच्या एका षटकात वाइड धरून 29. सामना नसताना आत सोडतीलच असं नाही, पण फाटकाबाहेर फोटो काढून बाबा खूश होत असतील तर टॅक्सीवाल्याला थांबायला सांगा. इथले लोक क्रिकेटवर बोलायला लागले की भाड्याची घासाघीसही जरा मवाळ होते.

शाकाहाराचं विचारलं नाहीत, पण विचाराल. 1859 पासून इथे मळ्यांवर करार करून भारतीय मजूर आणले गेले, त्यांची रोटी बेटाने आपलीशी केली. भाज्यांची करी गुंडाळलेली रोटी मागा आणि आत मांस-मासळी नाही ना, हे दोनदा विचारा. जहाजाच्या बुफेमधली फळं आणि सँडविच खाली न्यायची नसतात.

आणखी दोन गोष्टी. मुलाची लष्करी छापाची हाफपँट घरीच ठेवा, सामान्य माणसाने ते कापड घालायला इथे कायद्याने बंदी आहे. आणि जानेवारीत इथलं घड्याळ मायामीच्या एक तास पुढे असतं. जहाज स्वतःचं घड्याळ बदलणार की नाही, हे आदल्या रात्रीच्या पत्रकात बघा. बदललं नाही, तर जहाजाच्या आठला बेटावर नऊ वाजलेले असतात आणि बाहेर ठरवलेली नऊची गाडी तुम्ही उतरेपर्यंत निघून गेलेली असते. त्याच पत्रकावर जहाजाच्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचाही फोटो काढून ठेवा.

बाबांना गाडीत दीड तास बसवतं का, आणि बोटीत चढताना गुडघे कितपत साथ देतात, ते लिहा. मग कॅटमरानचं नक्की करता येईल.