शूटर व्हिडिओ गेमचा पहिला मॅप बांधताय? आधी वेळ मोजा

टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं), झाडं, दिवे यांना इतक्यात हात लावू नका. नुसत्या राखाडी ठोकळ्यांनी मॅप उभा करा आणि पळून बघा. काउंटर-स्ट्राइकमध्ये हातात चाकू असताना खेळाडू सेकंदाला २५० युनिट (गेममधलं अंतराचं माप) धावतो. म्हणजे २,००० युनिटांच्या वाटेला ८ सेकंद. दोन्ही संघांच्या सुरुवातीच्या जागेपासून, जिथे ते समोरासमोर येतात अशा प्रत्येक अरुंद तोंडापर्यंतचा वेळ लिहून ठेवा. बचाव करणारे एक-दोन सेकंद आधी पोचले की पुरे. पाच सेकंद आधी पोचले, तर ते निवांत दबा धरून बसतात आणि हल्ला दारातच संपतो. मग लोक बंदुकीला नावं ठेवतात, दोष मात्र वाटेच्या लांबीचा असतो.

दारात पाऊल टाकताच चार-पाच कोपरे एकदम तपासावे लागतायत? एखादी पेटी सरकवा, भिंत थोडी पुढे घ्या, दोन-तीनवर आणा. हे काम कंटाळवाणं आहे, पण मॅप इथेच घडतो.

वैविध्याचं म्हणाल, तर वाळवंट काढून बर्फ टाकल्याने खेळ बदलत नाही. व्हॅलोरंट या गेमच्या हेवन मॅपमध्ये स्पाइक (बॉम्ब) लावायला दोनऐवजी तीन जागा आहेत; तेवढ्याने पाच बचावकर्त्यांची सगळी वाटणी बदलते. तुम्हीही असा एकच बदल निवडा: उंची, लांब नजररेषा किंवा बंद होणारं दार. तिन्ही एकदम घातलेत, तर नेमकं कशाने बिघडलं ते सापडणार नाही. आणि चाचणी बॉटवर (संगणकाने चालवलेल्या खेळाडूंवर) भागवू नका. माणसं अनपेक्षित जागी चढतात.