डॅडोची टाइल ठरवताना आधी सांधे बघा

ओट्याला काळा-करडा ठिपकेदार ग्रॅनाइट, कपाटं पांढरी, आणि मागच्या भिंतीला, म्हणजे डॅडोला, नक्षीदार टाइल, पांढरी छोटी टाइल की रंगीत काच, असा तुमचा प्रश्न. शिवाय बाथरूममध्ये बेसिनच्या मागे काय लावावं, हेही विचारलंय.

नक्षीदार बाद करा. ग्रॅनाइटवर आधीच ठिपक्यांची गर्दी आहे, त्यात भिंतीवर नक्षी आली की डोळ्याला विसावा कुठेच नाही. नक्षी हवीच असेल तर ओटा एकरंगी लागतो, आणि तुमचा ओटा तर बसून झालाय.

उरली पांढरी टाइल आणि काच. दुकानात सगळे रंग आणि चकाकी बघतात, मी सांधे बघते. टाइल एका फडक्यात पुसली जाते, घाण बसते ती सांध्यात. ३ बाय ६ इंचाची टाइल देखणी खरीच (न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत १९०४ पासून आहे, अजून जुनाट वाटत नाही), पण जेवढी टाइल लहान तेवढे सांधे जास्त. सांध्यात भरतात तो साधा सिमेंटचा ग्राउट सच्छिद्र असतो. शेगडीमागे तेलकट वाफ त्यात मुरते, म्हणून पांढरा ग्राउट आधी तिथेच पिवळा पडतो आणि हातभर अंतरावर मात्र नव्यासारखा राहतो. हा फरक फार खुपतो.

तेव्हा छोटी टाइल घेणार असाल तर निदान शेगडीमागे इपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचा) ग्राउट भरून घ्या, तो तेल-पाणी शोषत नाही. मात्र तो लवकर घट्ट होतो. कारागिराने थोडा थोडा कालवून लगोलग पुसला नाही, तर टाइलवर चिकट थर राहतो आणि तो काढताना जीव जातो. आधी दोन-चार टाइलांवर करून दाखवायला सांगा. रंग ग्रॅनाइटमधल्या करड्याशी जुळणारा घ्या, पांढरा नको. टाइल रेक्टिफाइड, म्हणजे कडा मशिनने एकसारख्या कापलेली असेल तर २ मिमीचा सांधा पुरतो. कपाटाखाली दिवे लावणार असाल तर चकचकीत टाइल जरा जपूनच, कारण वरून तिरका उजेड पडला की वर-खाली बसलेली प्रत्येक टाइल सावली टाकते.

काचेला सांधे जवळजवळ नसतातच, म्हणून पुसायला तिच्यासारखं सुख नाही. पण शेगडीमागे टफन्डच, म्हणजे तापवून कणखर केलेलीच हवी, आणि टफन केल्यावर तिला भोक पाडता येत नाही. स्विचबोर्डाच्या जागा पक्क्या झाल्याशिवाय माप देऊ नका. शिवाय साध्या काचेत हिरवट झाक असते, काचेच्या मागे दिलेला पांढरा रंगही हिरवटच दिसतो. पांढराशुभ्र हवा तर कमी लोहाची काच मागा.

मला विचाराल तर पांढरी टाइलच, पण थोडी मोठी, ४ बाय १२ इंचाची. वीटबांधणीसारखी लावायची तर सांधा अर्ध्यावर न ठेवता एक तृतीयांशावर ठेवा. लांब टाइल मधे किंचित फुगीर असते, अर्ध्यावर ठेवली तर कडा वर आलेल्या दिसतात.

बेसिनमागे तेलाचा प्रश्न नाही, तिथे मोझेइकची हौस खुशाल भागवा. फक्त गडद चकचकीत नको, पाण्याचे डाग उठून दिसतात. संगमरवरही नको, आम्लयुक्त क्लीनरचे शिंतोडे उडाले की त्याची चमक कायमची जाते. आणि दोन्हीकडे, जिथे भिंत ओट्याला किंवा बेसिनला टेकते, त्या फटीत ग्राउट न भरता सिलिकॉन भरा. तिथे थोडी हालचाल होत राहते, ग्राउट तडकतो आणि पाणी मागे जातं.