वाचकांचे प्रश्न : एसयूव्ही की वॅगन?

प्रश्न : साताऱ्याहून बामणोलीला भर पावसाळ्यातही जावं लागतं. एसयूव्हीऐवजी जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकं ओढणारी) वॅगन चालेल का?

उत्तर : रस्ता डांबरी असेल तर जरूर घ्या. वॅगन म्हणजे मागे छत लांबवलेली, मोठ्या डिकीची सेडानच. ती एसयूव्हीपेक्षा बुटकी, त्यामुळे यवतेश्वर घाटाच्या वळणांवर कमी झुकते. २०१७ साली भारतात आलेल्या व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्रीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) २१० मिमी आहे. खड्ड्यांना तेवढा पुरतो. शिवाय एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांत फक्त पुढचीच चाकं ओढतात, हे आधी बघा.

खरी तपासणी कपलिंगची, म्हणजे गरजेनुसार मागच्या चाकांना इंजिनाची ताकद जोडणाऱ्या भागाची. तो मागच्या डिफरन्शियलजवळ (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपाशी) असतो. त्यातला क्लच झिजून त्याच्या तेलात काळा गाळ येतो, पंपाची जाळी तुंबते आणि मागची चाकं ओढेनाशी होतात. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही! सर्व्हिसच्या बिलात तेल बदलल्याची आणि जाळी साफ केल्याची, दोन्ही नोंदी हव्यात. ओल्या मुरमाच्या चढावर गाडी थांबवून उठवा. पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहिली तर सौदा सोडा.

चारही टायर एकाच मेकचे, सारखे झिजलेले हवेत. एकच नवा टाकला तर घेर बदलतो, कपलिंग तापतं. गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढू देऊ नका, अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा.