‘५ यू.एस. (१ क्रँच) १३७’ : कंसातील नाव कोणाचे?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासावरील एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचकांनी विचारले आहे की, त्या लेखात ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन, ५ यू.एस. (१ क्रँच) १३७ (१८०३)’ असा उल्लेख येतो आणि पुढे कंसात कधी ‘व्हीटन’, कधी ‘हॉवर्ड’, कधी ‘वॉलेस’ अशी नावे दिसतात. तर ही नावे निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींची समजावीत काय, आणि मूळ लेखात क्रँच यांना ‘रिपोर्टर’ म्हटलेले असल्यामुळे मराठीत त्यांना ‘वार्ताहर’ म्हणावे काय?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. कंसातील नाव निकाल देणाऱ्याचे नसून तो निकाल टिपून, संपादून, ग्रंथरूपाने छापणाऱ्याचे आहे. मार्बरी खटल्याचे निकालपत्र सरन्यायाधीश जॉन मार्शल यांचे आहे. विल्यम क्रँच यांनी ते आपल्या संग्रहाच्या पहिल्या खंडात छापले आणि त्या खंडाच्या १३७व्या पानावर ते सुरू होते. शेवटच्या कंसातील १८०३ हे निकालाचे वर्ष आहे, खंडाच्या प्रकाशनाचे नव्हे. आता ‘५ यू.एस.’ एवढेच राहिले. तो ‘यूनायटेड स्टेट्स रिपोर्ट्स’ या सरकारी मालिकेतील खंडाचा क्रमांक आहे, आणि तो त्या खंडाला त्याच्या प्रकाशनानंतर सुमारे सात दशकांनी चिकटवलेला आहे. १८०४ साली हे पुस्तक विकत घेणाऱ्या वकिलाला ‘५ यू.एस.’ हा शब्दप्रयोग दाखवला असता, तर त्याला त्यातून काहीही उलगडले नसते. त्याच्या दृष्टीने ते पुस्तक ‘पहिला क्रँच’ होते.

क्रँच यांच्याबाबतीत गोंधळ होण्यास आणखी एक कारण आहे. ते खरोखरच न्यायाधीश होते, पण सर्वोच्च न्यायालयाचे नव्हे. कोलंबिया जिल्ह्याच्या (म्हणजे राजधानी वॉशिंग्टनच्या) सर्किट न्यायालयात त्यांची नेमणूक १८०१ साली झाली आणि पुढे ते तेथील मुख्य न्यायाधीश झाले. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल लिहून काढण्याचे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतले होते. त्यामुळे ‘न्यायमूर्ती क्रँच यांनी मार्बरी खटल्याचा निकाल दिला’ असे वाक्य अनुवादात गेले, तर त्यातील पदवी खरी ठरेल आणि विधान मात्र खोटे; अशी चूक पुढच्या संपादकाच्याही सहसा लक्षात येत नाही.

‘रिपोर्टर’ या शब्दाने मराठीत प्रथम वर्तमानपत्राचा बातमीदार डोळ्यांपुढे येतो, हे खरे आहे. कायद्याच्या क्षेत्रात मात्र हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक, निकालांचे संकलन करणारी व्यक्ती. दोन, ते संकलन छापणारी ग्रंथमाला किंवा नियतकालिक. आपल्याकडचे वकील ‘एआयआर’ (ऑल इंडिया रिपोर्टर) म्हणतात त्यातील शेवटचे अक्षर या दुसऱ्या अर्थाचे आहे. अमेरिकेत पहिल्या अर्थाचे पद आजही अस्तित्वात आहे. सर्वोच्च न्यायालयाचा ‘रिपोर्टर ऑफ डिसिजन्स’ हा न्यायालयाचा अधिकारी असतो. अनुवादात व्यक्तीसाठी ‘निर्णय-संकलक’ आणि ग्रंथासाठी ‘निर्णयसंग्रह’ असे दोन स्वतंत्र शब्द योजले, तर एकाच ‘रिपोर्टर’मुळे होणारा घोळ टळतो. ‘प्रतिवेदक’ हा शब्द काहींना अधिक शास्त्रशुद्ध वाटेल. पण तो वाचून सामान्य वाचकाला अर्थबोध होत नाही, म्हणून मी तो टाळतो.

निकालाला संकलकाच्या नावाने ओळखण्याची ही चाल अमेरिकेने इंग्लंडकडून घेतली. तेथे प्लाउडन, कोक, बरो अशा कायदेपंडितांचे खासगी निर्णयसंग्रह त्यांच्या नावानेच उद्धृत होत असत. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालय १७९० साली बसले, तेव्हा निकाल छापण्याची कोणतीही सरकारी व्यवस्था नव्हती, आणि न्यायमूर्तींनी निकाल लेखी द्यावा असा नियमही नव्हता. निकाल पुष्कळदा तोंडी सांगितला जाई. फिलाडेल्फियाचे वकील अलेक्झांडर डॅलस हे आपल्या राज्यातील न्यायालयांचे निकाल छापत होते. देशाची राजधानी आणि तिच्यामागोमाग सर्वोच्च न्यायालयही त्याच शहरात आले, तेव्हा त्यांनी त्याही निकालांना आपल्या संग्रहात जागा दिली. परिणामी आज ‘१ यू.एस.’ या क्रमांकाने मिरवणाऱ्या पहिल्या खंडात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा एकही निकाल नाही. त्यात आहेत ते सारे पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयांचे निकाल, आणि त्यांतील काही तर स्वातंत्र्यापूर्वीचे. ‘यू.एस.’ ही अक्षरे दिसली की निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, हा नियम त्यामुळे अगदी पहिल्याच खंडाला लागू पडत नाही. अनुवादकाने हे अवश्य ध्यानात ठेवावे.

डॅलस यांचे काम सावकाश चाले आणि त्यातून बरेच निसटे. चिझम विरुद्ध जॉर्जिया, २ यू.एस. (२ डॅलस) ४१९, हा निकाल १७९३ सालचा. तो ज्यात आहे तो दुसरा खंड बाहेर पडला १७९८ साली. दरम्यान, दुसऱ्या राज्याचा नागरिक एखाद्या राज्यावर खटला भरू शकतो असे सांगणाऱ्या त्या निकालाने खवळलेल्या राज्यांनी अकरावी घटनादुरुस्ती १७९५ सालीच संमत करून घेतली होती. क्रँच यांनी आपल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत निकाल छापण्यामागचे जे कारण दिले आहे, ते मला आजही मोलाचे वाटते. कायद्याचे राज्य म्हणवणाऱ्या देशात न्यायाधीशाच्या मर्जीला शक्य तितका कमी वाव असावा आणि दिला गेलेला प्रत्येक निकाल हा पुढच्या न्यायाधीशावरचा अंकुश असतो, असा त्यांचा आशय आहे. छापलेलाच नसेल, तर तो निकाल अंकुशाचे काम करणार तरी कसे?

हे काम पगारी पदावर आले ते हेन्री व्हीटन यांच्या वेळी. १८१७ सालच्या कायद्याने संकलकाला वर्षाला १,००० डॉलर वेतन ठरले, आणि निकाल लागल्यापासून सहा महिन्यांत खंड छापून त्याच्या ८० प्रती सरकारला द्याव्यात अशी अट त्याला जोडली गेली. बाकीच्या प्रती विकून होणारा नफा संकलकाचा. व्हीटन यांनी निकालांना विस्तृत टिपा जोडल्या, त्यांतील काही टिपा न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांच्या हातच्या होत्या. साहजिकच खंड दर्जेदार झाले, पण महागही झाले. मॅकुलक विरुद्ध मेरीलँड, १७ यू.एस. (४ व्हीटन) ३१६, हा १८१९ सालचा निकाल याच काळातला.

त्यांच्यानंतर आलेल्या रिचर्ड पीटर्स यांनी जुन्या सर्व संकलकांचे निकाल टिपा गाळून, आटोपशीर रूपात, स्वस्तात पुन्हा छापण्याचा घाट घातला. आपल्या पुस्तकांची विक्री बुडणार हे दिसताच व्हीटन न्यायालयात गेले, आणि प्रकरण शेवटी त्याच सर्वोच्च न्यायालयापुढे आले, ज्याचे एकेकाळचे संकलक वादी होते आणि विद्यमान संकलक प्रतिवादी. व्हीटन यांची बाजू मांडण्यास डॅनियल वेब्स्टर उभे होते. १८३४ साली न्यायालयाने एकमताने सांगितले की, न्यायालयाच्या लेखी निकालपत्रांवर कोणत्याही संकलकाला प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) नाही, असू शकत नाही, आणि न्यायमूर्तीही तो कोणाला बहाल करू शकत नाहीत. संकलकाने स्वतः लिहिलेल्या टिपांचा प्रश्न वेगळा. निकालाचा मजकूर मात्र सर्वांचा. या निकालाचा उल्लेख आज ‘व्हीटन विरुद्ध पीटर्स, ३३ यू.एस. (८ पीटर्स) ५९१’ असा होतो. यातील पहिले पीटर्स पक्षकार आहेत आणि कंसातले पीटर्स संकलक. म्हणजे आपल्याच खटल्याचा वृत्तान्त त्यांनी आपल्याच खंडात छापलेला आहे. अनुवादक वाचकांनी येथे नाव दोनदा आलेले पाहून ते छपाईतील द्विरुक्ती म्हणून गाळू नये. त्याच वर्षी न्यायालयाने आपली निकालपत्रे नोंदीसाठी न्यायालयाच्या क्लार्ककडे सोपवली जावीत असाही आदेश दिला, आणि तेव्हापासून संकलकाच्या टिपणांवरचे अवलंबन कमी होत गेले.

पीटर्स यांच्यानंतर बेंजामिन हॉवर्ड यांचे २४ खंड, मग जेरेमाया ब्लॅक यांचे अवघे दोन, आणि शेवटी जॉन विल्यम वॉलेस यांचे २३ खंड. १८७४ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, या खंडांच्या छपाईसाठी सरकारी तिजोरीतून पैसे मंजूर केले आणि व्यक्तिनामाची चाल संपली. नवे संकलक विल्यम टॉड ओटो यांच्या पहिल्या खंडाला ९१ क्रमांक मिळाला, कारण आधीच्या सात जणांचे मिळून ९० खंड झाले होते आणि त्यांना मागाहून १ ते ९० असे क्रमांक देण्यात आले.

ही पुनर्मोजणी माहीत असली की जुन्या ग्रंथांतले उल्लेख सहज उलगडतात. एकोणिसाव्या शतकातील पुस्तकात नुसते ‘४ व्हीटन ३१६’ असे असेल, तर व्हीटन यांच्या खंडाच्या आकड्यात १३ मिळवावे, म्हणजे १७ हा आजचा क्रमांक येतो. क्रँच यांच्यासाठी ४, पीटर्स यांच्यासाठी २५, हॉवर्ड यांच्यासाठी ४१, ब्लॅक यांच्यासाठी ६५ आणि वॉलेस यांच्यासाठी ६७ मिळवावे लागतात. डॅलस यांच्यासाठी काहीच नाही. पृष्ठांक दोन्ही पद्धतींत तोच राहतो, कारण जुनी पाने जशीच्या तशी ठेवली गेली.

नाव गेले तरी संकलकाचे काम संपले नाही, आणि त्याने लिहिलेल्या मजकुराचे वजन किती धरावे हा प्रश्नही संपला नाही. निकालाच्या आरंभी त्याचा सारांश म्हणून जी ‘हेडनोट’ असते, ती न्यायमूर्तींनी लिहिलेली नसते. सांता क्लारा काउंटी विरुद्ध सदर्न पॅसिफिक रेल्वे, ११८ यू.एस. ३९४, या १८८६ सालच्या खटल्यात चौदाव्या घटनादुरुस्तीतील समान संरक्षण कंपन्यांनाही लागू आहे, यावर युक्तिवाद ऐकण्याची गरज नाही, असे सरन्यायाधीश वेट यांनी सुरुवातीलाच तोंडी सांगितले. प्रत्यक्ष निकालपत्रात त्या मुद्द्याचा निर्णय नाही. पण संकलक बॅनक्रॉफ्ट डेव्हिस यांनी ते विधान आपल्या नोंदीत छापले आणि पुढे त्याच्याच आधारे तो सिद्धान्त रूढ झाला. हेडनोट हा न्यायालयाच्या निर्णयाचा भाग नव्हे, हे न्यायालयाने १९०६ साली डेट्रॉइट टिंबर कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले, आणि आजही सारांशासोबत तशी सूचना त्या खटल्याचा हवाला देऊन छापली जाते. म्हणून अनुवादात हेडनोटमधील वाक्य ‘न्यायालयाने म्हटले’ असे लिहून उद्धृत करणे चूक आहे. ‘निर्णयसंग्रहातील सारांशानुसार’ असे लिहावे.

आता मराठी लेखनाविषयी. इंग्रजीत या नावांचे संक्षेप करतात. मराठीत ते करू नयेत असे माझे आग्रहाचे मत आहे. ‘पीट.’, ‘हाऊ.’, ‘वॉल.’ ही अक्षरे देवनागरीत वाचणाऱ्याला काहीही सांगत नाहीत, उलट दिशाभूल करतात. पूर्ण नाव लिहिण्यास दोन अक्षरे जास्त लागतील, एवढेच. ‘२ ब्लॅक’ असा उल्लेख आला, तर तो विसाव्या शतकातील न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्याशी जोडू नये. लेखाच्या ओघात ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन (१८०३)’ एवढे पुरते. संपूर्ण संदर्भ तळटीपेत द्यावा, आणि तेथे यू.एस. क्रमांक व कंसातील नाव ही दोन्ही ठेवावीत. क्रमांकामुळे निकाल आज सापडतो, आणि नावामुळे तो मुळात कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला ते कळते. ‘खंड’ आणि ‘पृष्ठ’ हे शब्द मध्ये घातले तरी बिघडत नाही. तीन आकडे ओळीने पाहण्याची सवय नसलेल्या वाचकाला त्यांची मदतच होते.

वाचकांच्या लेखात ड्रेड स्कॉट खटलाही आहे, म्हणून त्याविषयी. ड्रेड स्कॉट विरुद्ध सँडफर्ड, ६० यू.एस. (१९ हॉवर्ड) ३९३ (१८५७), या निकालाचा छापील मजकूर आणि न्यायालयात वाचला गेलेला मजकूर एकच समजू नये, कारण सरन्यायाधीश टॉनी यांनी वाचनानंतर आणि प्रकाशनापूर्वी आपल्या निकालपत्रात बरीच भर घातली होती. प्रतिवादीचे खरे आडनाव सॅनफर्ड. हॉवर्ड यांच्या खंडात ते सँडफर्ड असे चुकीचे छापले गेले आणि खटल्याच्या नावात कायमचे राहिले. खटल्याचे नाव लिहिताना मराठीतही ‘सँडफर्ड’च लिहावे, अन्यथा संदर्भ शोधणाऱ्याला तो सापडणार नाही, त्या गृहस्थांविषयी स्वतंत्रपणे लिहिताना मात्र ‘सॅनफर्ड’ लिहावे, आणि पहिल्या उल्लेखाच्या तळटीपेत या फरकाचे कारण एका वाक्यात द्यावे.