दोन महिन्यांचं पिल्लू घरभर शू करतं, हात चावतं. सहा महिन्यांचं झाल्यावर शिकवायला घेतलं तर चालेल का?

नाही चालणार. "सहा महिन्यांचं होऊ दे, आत्ता त्याला काय कळतंय" हे वाक्य आमच्या घरात इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

पिल्लाचे डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडतात, पाठोपाठ कान. तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत जी माणसं, जे आवाज भेटतील ते त्याला आपले वाटतात. नंतर भेटलेल्या नव्या गोष्टीची आधी भीतीच वाटते. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत काही पिल्लं माणसांपासून लांब वाढवली होती. १९६१ साली तो अभ्यास छापून आला. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांना माणसाचा सहवास मिळाला नाही, ती रानटीच राहिली.

आमची बुंदी पार्किंगमध्ये जन्मलेली गावठी. आई गाडीखाली गेली म्हणून जुलैत घरी आणली, तेव्हा ती तुमच्या पिल्लाएवढीच होती. डॉक्टर म्हणाले, लसीचे सगळे डोस होईपर्यंत खाली न्यायचं नाही. माझ्या थोरल्या दिरांनी तेच उचलून धरलं. अहो, पण खाली न ठेवता कडेवर तर नेता येतं! भाजीच्या पिशवीत टॉवेल घालून मी तिला मंडईत नेलं, शाळा सुटताना फाटकापाशी नेलं, रेनकोटवाले आणि हेल्मेटवाले दाखवले.

आणि नदीपात्रात नेलं. पुण्यात गणपतीआधी तिथे ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. आधी इतक्या लांब उभी राहिले की ढोल जेमतेम ऐकू यावेत. उकडलेल्या चिकनचे तुकडे देत राहिले. कान टवकारले पण तुकडा खाल्ला, की पुढच्या खेपेला थोडं जवळ. तोंड फिरवलं की लगेच मागे. पिल्लू घाबरलंय हे ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही. त्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक खिडकीखालून गेली आणि बुंदी झोपून होती!

भाऊजींचा लॅब्रॅडॉर सहा महिने फ्लॅटमध्ये बंद होता. तो दिवाळीत बाथरूममध्ये थरथरत बसतो. भाऊजी म्हणतात, त्याची जातच भित्री, गावठी कुत्री मुळातच धीट. मग बुंदीची सख्खी बहीण पलीकडच्या बिल्डिंगमध्ये आहे, तिलाही चार महिने बाहेर काढलं नव्हतं, ती पहिल्या सुतळी बॉम्बला सोफ्यामागे का जाते?

तुमच्या शूचं म्हणाल तर झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच ठरलेल्या जागी न्या आणि तिथल्या तिथे शाबासकी द्या. या वयात दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरवत नाही. नाक शूमध्ये घासायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने पिल्लू फक्त तुमच्यापासून लपून शू करायला शिकतं. चावलं की खेळ बंद, उठून जा, मग चघळायला काहीतरी द्या. दुधाचे दात पडेपर्यंत थोडं चालणारच. जोरात चावलं की खेळ थांबतो, हे पिल्लू भावंडांत शिकतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनी बंदी आहे ती उगाच नाही. भाऊजींनी आणलं ते पाच आठवड्यांचं होतं.

हो, पहिली लस आणि जंताचं औषध होऊन आठवडा उलटल्याशिवाय कुठेही नेऊ नका, आणि भटकी कुत्री फिरतात तिथे डोस पूर्ण होईपर्यंत खाली ठेवू नका. पार्व्हो हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार जीवघेणा आहे. उलटी-जुलाब दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही पिल्लं जन्मतःच बुजरी असतात, हेही खरं. त्यांना वेळ जास्त द्यावा लागतो.

भाऊजींच्या कुत्र्यालाही चिकन घेऊन नदीपात्राच्या लांबच्या टोकाला न्यायची माझी तयारी आहे. मोठ्या कुत्र्याला फार वेळ लागतो, पण फरक पडतो. त्यांनी फक्त त्याच्या जातीला दोष देणं थांबवावं.