एक सर्व्हर, तऱ्हेतऱ्हेचे संगणक

प्रश्न : आमच्या वकिली कार्यालयात विंडोजचे चार, उबुंटूचे (लिनक्सचा एक प्रकार) दोन आणि एक मॅक असे सात संगणक आहेत. ४ जीबी रॅमचा एक जुना डेस्कटॉप पडून आहे. त्यावर लिनक्स घालून फाइल सर्व्हर करता येईल का? फाइली सामायिक करण्यासाठी साम्बा वापरावे की एनएफएस?

उत्तर : जरूर करता येईल. सात जणांना फाइली पुरवताना प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही. वेग अडतो तो बहुधा नेटवर्कपाशी. स्विच १०० मेगाबिटचा असेल, तर सर्व्हर कितीही चांगला असला तरी सेकंदाला ११-१२ मेगाबाइटांहून अधिक वेग मिळणार नाही. तेव्हा पहिला खर्च गिगाबिट स्विचवर करावा. यंत्रावर डेबियन या लिनक्स प्रकाराची स्थिर आवृत्ती चित्रमय पडद्याविना बसवावी आणि साम्बाच घ्यावे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सुरू केलेले हे सॉफ्टवेअर विंडोजचा एसएमबी प्रोटोकॉल (फाइली वाटून घेण्याची भाषा) जाणते आणि मॅकनेही २०१३ पासून फाइल शेअरिंगसाठी त्यालाच प्राधान्य दिले आहे. मॅकसाठी साम्बातील ‘फ्रूट’ हे मॉड्यूल तेवढे सुरू करावे.

एनएफएस निव्वळ लिनक्सच्या घरात उत्तम. पण नेहमीच्या मांडणीत ते पासवर्ड न विचारता समोरच्या यंत्राने कळवलेल्या वापरकर्ता-क्रमांकावर विश्वास ठेवते. उबुंटूत पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो, त्यामुळे तुमच्या दोन उबुंटू संगणकांवरील दोन व्यक्ती सर्व्हरच्या लेखी एकच ठरतील. अशिलांची कागदपत्रे जिथे ठेवायची, तिथे हे चालणार नाही.

प्रश्न : साम्बा सुरू झाले, परंतु एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला उघडता येते, बदल मात्र सेव्ह होत नाहीत. कोणीतरी ‘७७७’ परवानगी द्यायला सुचवले आहे.

उत्तर : तो सल्ला मानू नये, त्याने सर्व्हरवरील प्रत्येकाला सर्व काही मोकळे होते आणि मूळ दुखणे नव्या फाइलींपाशी पुन्हा उभे राहते. साम्बा नवी फाइल तयार करताना मुळात ०७४४ हा मास्क (परवानग्यांची चाळणी) लावते, म्हणजे मालकाखेरीज इतरांना केवळ वाचनाची मुभा राहते. कार्यालयासाठी एक गट तयार करून सर्वांना त्यात घालावे, सामायिक फोल्डर त्या गटाच्या नावे करून त्याला २७७० परवानगी (मालकाला व गटाला सर्व हक्क, इतरांना काहीच नाही) द्यावी. यातील २ हा आकडा महत्त्वाचा, कारण त्यामुळे आत तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलीकडे तोच गट आपोआप जातो. साम्बाच्या मांडणीत ‘क्रिएट मास्क’ ०६६० आणि ‘डिरेक्टरी मास्क’ २७७० ठेवावा. जुन्या फाइलींचा गट आणि परवानग्या एकदा हाताने बदलाव्या लागतील.

प्रश्न : मराठी नावांच्या काही फाइली सर्व्हरवर चढतच नाहीत, तर काही एकाच नावाने दोनदा दिसतात. फाँटचा दोष आहे का?

उत्तर : फाँटचा काही संबंध नाही. विंडोज नावातील चिन्हे मोजते, तर लिनक्सची एक्स्ट-४ फाइल प्रणाली बाइट मोजते आणि एका नावाला २५५ बाइटच देते. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा आणि जोडाक्षरात दडलेला हलन्तही स्वतंत्र धरला जातो. ‘महाराष्ट्र’ एवढा एक शब्द १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटांचा होतो. सुमारे ८५ चिन्हांत जागा संपते, आणि सभेच्या इतिवृत्ताला विषयासकट नाव देण्याची आपली सवय पाहता ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

दुहेरी नावांचे कारण अधिक गमतीचे आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि खालचा नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव साठवताना त्याची अशी फोड करते. तिच्यावरून फाइली थेट लिनक्सवर उतरवल्या, तर डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे सर्व्हरला भिन्न वाटतात. ‘कॉन्व्हएमव्ही’ या साधनाने नावे जोडरूपात आणता येतात. ते आधी केवळ चाचणी करून दाखवते. ती यादी वाचून, दोन्ही प्रतींतील मजकूर ताडून मगच खरा बदल करावा.

प्रश्न : नवा विंडोज ११ संगणक पासवर्डविना सर्व्हरला जोडला जात नाही; जुने जोडले जातात.

उत्तर : २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो एसएमबी जोडणीवर सहीची (संदेश वाटेत बदललेला नाही याची डिजिटल खूण) सक्ती करते, आणि पाहुणा म्हणून पासवर्डविना येणाऱ्याला सही करता येत नाही. विंडोजची ही तटबंदी पाडण्याचे उपाय सापडतील, पण प्रत्येकाला स्वतःचे खाते देणेच योग्य. लिनक्सचा आणि साम्बाचा पासवर्ड वेगवेगळा साठवला जातो, हे ध्यानात ठेवून दोन्हीकडे नोंद करावी. एसएमबीची पहिली आवृत्ती मात्र कोणत्याही जुन्या स्कॅनरसाठी पुन्हा सुरू करू नये. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर त्याच वाटेने पसरले होते.

प्रश्न : दोन डिस्कांचे रेड-१ (दोन्हींवर तोच मजकूर ठेवणारी जोडी) केले आहे. वेगळा बॅकअप लागेल का?

उत्तर : लागेल. आरशातली प्रतिमा चूकही तत्काळ उतरवून घेते. एका डिस्कवरून पुसलेले दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते. शिवाय नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. त्यासाठी साम्बाचे ‘रिसायकल’ मॉड्यूल सुरू करावे लागते. रोज रात्री ‘आरसिंक’ या प्रती घेणाऱ्या साधनाने बाहेरच्या डिस्कवर तारीखवार प्रत घ्यावी, अशा दोन डिस्का आलटूनपालटून वापराव्यात आणि त्यांतील एक नेहमी कार्यालयाबाहेर ठेवावी. महिन्यातून एकदा तिच्यावरून एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहावी.