आयपीनं उघडतं, नावानं उघडत नाही : ब्रँच ऑफिसचा डीएनएस

प्रश्न : आमचं हेड ऑफिस पुण्याला, ब्रँच लातूरला, मध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन्ही ऑफिस जोडणारी खाजगी लाइन). ब्रँचमधून फाइल सर्व्हर आयपी टाकला की लगेच उघडतो पण नावानं कधी उघडतो कधी नाही, पीसी रिस्टार्ट केला की परत चालतो. पीसींना पहिला डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) हेड ऑफिसचा आणि दुसरा गूगलचा ८.८.८.८ दिलाय. व्हेंडर म्हणतो सगळ्यांच्या होस्ट्स फाइलमध्ये (पीसीवरच्या नाव-आयपीच्या यादीत) नाव टाकून द्या. टाकू का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : अजिबात नका टाकू. उद्या सर्व्हरचा आयपी बदलला की प्रत्येक पीसीवर जाऊन बसावं लागेल आणि एखादा राहणारच. तुमचं दुखणं त्या दुसऱ्या डीएनएसमध्ये आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की पहिल्याकडे नाव सापडलं नाही की विंडोज दुसऱ्याला विचारेल. तसं होत नाही हो! पहिल्यानं उत्तरच दिलं नाही तरच तो दुसऱ्याकडे जातो, आणि 'असं नाव नाही' हेसुद्धा डीएनएसच्या लेखी पूर्ण उत्तर असतं. आता बघा, व्हीपीएन थोडा वेळ अडखळला, विंडोज ८.८.८.८ कडे गेला, तिथं तुमचा पुण्याचा सर्व्हर कोणाला माहितीये, त्यानं सरळ सांगितलं नाव अस्तित्वात नाही, विंडोजनं ते मानलं, वर कॅशमध्ये (तात्पुरत्या साठवणीत) ठेवलं आणि पुढचा काही वेळ तिकडेच विचारत राहिला. व्हीपीएन केव्हाच परत आलेला असतो. रिस्टार्टनं हे सगळं पुसलं जातं म्हणून बरं वाटतं एवढंच.

खात्री करायचीय? ब्रँचच्या पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (nslookup), पुढे सर्व्हरचं पूर्ण नाव, पुढे हेड ऑफिसच्या डीएनएसचा आयपी असं टाइप करा, मग तेच ८.८.८.८ टाकून करा. पहिल्यात १९२.१६८ वाला आयपी येईल, दुसऱ्यात 'नॉन-एग्झिस्टंट डोमेन'. एक लक्षात ठेवा, एनएसलुकअप विंडोजची कॅश बघत नाही आणि होस्ट्स फाइलही बघत नाही, त्यामुळे तिथं बरोबर येऊनही फोल्डर उघडत नाही असं होतं, तेव्हा आयपीकॉन्फिगला फ्लशडीएनएस लावून (ipconfig /flushdns) कॅश साफ करा.

कायमचा इलाज म्हणजे ब्रँचमध्येच एक छोटा डीएनएस. नवीन मशीन घ्यायची गरज नाही, राउटर किंवा फायरवॉलवर बहुतेक ही सोय असते. त्यात कंडिशनल फॉरवर्डर लावायचा, म्हणजे कंपनीच्या डोमेनमधलं नाव विचारलं तर पुण्याला विचार, बाकी सगळं आयएसपीला. डीएनएसमास्कमध्ये (बऱ्याच राउटरवर असणारा छोटा डीएनएस प्रोग्राम) हे एका ओळीचं काम आहे. पुण्याला दोन डोमेन कंट्रोलर (कंपनीचं लॉगिन आणि नावं सांभाळणारे सर्व्हर) असतील तर दोन्ही द्या. मग डीएचसीपीमधून (पीसींना नेटवर्कची सेटिंग आपोआप देणारी सोय) पीसींना फक्त हा ब्रँचचाच आयपी द्या, ८.८.८.८ काढून टाका, आणि कोणी हातानं टाकून ठेवलाय का तेही बघा. आता व्हीपीएन पडला तर पुण्याची नावं तेवढी मिळणार नाहीत पण 'नावच नाही' असं खोटं उत्तर कोणी देणार नाही, आणि मेल, बँक, जीएसटी पोर्टल चालू राहील.

राउटर ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीची मोफत लिनक्स प्रणाली) असेल तर एक अडचण हमखास येते. त्यात रीबाइंड प्रोटेक्शन आधीपासूनच चालू असतं, बाहेरून आलेल्या उत्तरात १९२.१६८ किंवा १० वाला आयपी दिसला की तो उत्तरच टाकून देतो. सगळं बरोबर करूनही नाव मिळत नाही आणि माणूस वेडा होतो. ते प्रोटेक्शन बंद करू नका, कंपनीचं डोमेन तेवढं अपवादात घाला.

व्हीपीएन रोजच पडत असेल आणि लॉगिनही अडकत असेल तर ब्रँचला रीड-ओन्ली डोमेन कंट्रोलरचा (ज्यात बदल करता येत नाहीत अशा प्रतीचा) विचार करा. विंडोज सर्व्हर २००८ पासून ही सोय आहे, डीएनएसही त्यावरच चालतो, आणि सर्व्हर कुलुपात ठेवायला जागा नसलेल्या ब्रँचसाठीच ती केलीय.

प्रश्न : नवीन नेटवर्क लावतोय. आतल्या डोमेनला .लोकल (.local) दिलं तर चालेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. .लोकल हे मल्टिकास्ट डीएनएससाठी २०१३ पासून राखीव आहे, मॅक आणि प्रिंटर त्यावरच एकमेकांना शोधतात. तुमच्याकडे विकत घेतलेलं डोमेन असेल तर त्याचंच सबडोमेन घ्या, नसेल तर इंटरनेटची नावं सांभाळणाऱ्या आयकॅननं २०२४ मध्ये .इंटर्नल (.internal) खाजगी वापरासाठी बाजूला ठेवलंय. जुन्या ऑफिसात .लोकल आधीच असेल तर मात्र निव्वळ तेवढ्यासाठी डोमेन रीनेम करायला जाऊ नका, मॅक किंवा लिनक्सवाल्यांना खरंच त्रास व्हायला लागला तरच हात घाला.